‘वॉल-ई’चा पहिला टीझर: सिनेमा यायच्या वर्षभर आधी नेमकं काय दाखवलं होतं?

धूळपाटी

सगळी गोष्ट ट्रेलरमध्येच उरकून टाकतात, मग थेटरात जाऊन बघायचं काय, अशी तक्रार इथे दर दोन महिन्यांनी होते. तक्रार रास्तच आहे. पण नुसतं कुरकुरण्यापेक्षा, हे काम नीट केलं तर कसं दिसतं याचं एक उदाहरण घेऊन बोलू या म्हणून हा धागा.

जून २००७ मध्ये अमेरिकेत ‘रॅटाटूई’ लागला, तेव्हा त्याच्या आधी पिक्सार स्टुडिओच्या ‘वॉल-ई’ या अॅनिमेशनपटाचा पहिला टीझर, म्हणजे पहिली छोटी झलक, दाखवत होते. ‘वॉल-ई’ आला २७ जून २००८ ला. म्हणजे सिनेमा हातात यायला वर्ष बाकी होतं, आणि विकायचं काय होतं? पृथ्वीवर एकटाच उरलेला, कचऱ्याचे ठोकळे रचणारा, गंजका यंत्रमानव. त्याला धड बोलताही येत नाही.

टीझर सुरू होतो तो दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांच्या आवाजात. १९९४ च्या उन्हाळ्यात आम्ही काही जण जेवायला बसलो होतो, असं ते सांगायला लागतात. ‘टॉय स्टोरी’चं काम चालू होतं, तो संपल्यावर पुढे काय करायचं याच्या गप्पा. स्टँटन, जॉन लॅसेटर, पीट डॉक्टर आणि जो रॅन्फ्ट अशी ती पिक्सारची मंडळी. त्या गप्पांतून पुढे ‘अ बग्ज लाइफ’, ‘मॉन्स्टर्स इंक’ आणि ‘फाइंडिंग निमो’ निघाले. आणि त्या दिवशी सगळ्यात शेवटी ज्याच्याबद्दल बोलणं झालं, ती गोष्ट होती एका यंत्रमानवाची.

बस. निवेदनात कथानक नाहीच. माणसं कुठे गेली, का गेली, याला पुढे कोण भेटणार, खलनायक कोण, काहीही नाही. त्यानंतर तो स्वतः दिसतो आणि संगीत ताबा घेतं.

माझं म्हणणं असं, की सिनेमा यायला वर्ष असताना प्रेक्षकाला कथानक द्यायची गरजच नसते. त्या वेळी फक्त ओळख करून द्यायची असते, आणि तीही एकाच जिवाची. ती इथे केली आहे डोळ्यांनी. वॉल-ईला नाक नाही, तोंड नाही, भुवया नाहीत. आहे ती एक दुर्बीण, मध्ये बिजागरी असलेली. स्टँटन बेसबॉलचा सामना बघायला गेले असताना हातातली दुर्बीण उलटी करून तिच्याशीच खेळत बसले, तिला हसरी-रडकी करून बघत बसले, आणि चालू खेळावरचं लक्ष उडालं, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. बिजागरी खाली झुकली की दोन्ही नळकांडी बाहेरच्या बाजूला उतरतात आणि चेहरा उदास होतो. सरळ झाली की तोच चेहरा कुतूहलाने बघायला लागतो. एवढ्याशा हालचालीवर अख्खा टीझर तोललेला आहे, आणि पुढे अख्खा सिनेमाही.

तुम्हाला काय वाटतं? विज्ञानकथांच्या इतर अॅनिमेशनपटांचे सुरुवातीचे ट्रेलर आठवत असतील तर तेही येऊ द्या.

---

तिसरी घंटा

मस्त विषय. मी एका वाहिनीच्या प्रोमो विभागात एडिटिंग करतो, त्यामुळे माझं लक्ष आधी संगीताकडे जातं.

त्या टीझरमधलं संगीत ‘वॉल-ई’चं नाहीच. ते मायकेल केमन यांचं आहे, टेरी गिलियमच्या १९८५ च्या ‘ब्राझील’मधलं. सिनेमाचं संगीत थॉमस न्यूमन यांनी केलं. टीझर बघून ती धून शोधत ‘वॉल-ई’चा अल्बम घेणाऱ्यांना ती तिथे मिळत नाही. कारण साधं आहे. पार्श्वसंगीत रेकॉर्ड होतं शेवटी शेवटी, चित्र पक्कं झाल्यावर. वर्षभर आधी ट्रेलर कापायला बसलेल्याच्या हातात ते नसतंच. मग दुसऱ्या सिनेमातलं तयार संगीत हक्क घेऊन वापरतात. ‘द इन्क्रेडिबल्स’च्या ट्रेलरलाही जॉन बॅरी यांचं जुन्या बाँडपटातलं संगीत होतं, सिनेमात मात्र मायकेल जियाकिनो आले.

पण निवड बघा. ‘ब्राझील’मध्ये ही धून एका प्रचंड सरकारी कचेरीच्या प्रसंगाला आहे. टाइपरायटरचा खडखडाट तालात बसवलाय, कागद घेऊन धावणारी माणसं, आणि त्या सगळ्यावरून आरी बारोसो यांच्या १९३९ च्या ब्राझिलियन गाण्याची सुरावट वर वर चढत जाते. म्हणजे यंत्राची टकटक खाली आणि कुणाची तरी मोठी आस वर. आता हे चित्र बाजूला काढा आणि त्या जागी दिवसभर कचरा दाबून ठोकळे करणारा यंत्रमानव ठेवा. त्याचं कामही टकटकच आहे आणि नजर आभाळाकडे. ज्याने कुणी ही जोडी जमवली त्याला माझा नमस्कार.

आमच्याकडे प्रोमो कापताना टाइमलाइनवर आधी म्युझिक ट्रॅक टाकतो, मग बीटवर कट बसवतो. बाहेरच्याला वाटतं की चित्रं लागली आणि मागाहून संगीत आलं. बहुतेक वेळा उलटं असतं. चुकीचा ट्रॅक घेतला तर उत्तम शॉटसुद्धा पडतो.

---

ओसरी

टीझर मलाही आवडतो. पण धूळपाटी, ‘ओळख करून दिली म्हणून चाललं’ हे मला अर्धंच पटतं. पहिल्या अर्ध्या भागात काय आहे ते परत बघा. तीन गाजलेल्या सिनेमांची नावं! ‘ज्यांनी तुम्हाला निमो दिला तेच आता हे देतायत.’ ही पिक्सारची जाहिरात आहे, आणि ती पतच नसती तर कचऱ्यातल्या डब्याकडे कोण बघणार होतं?

याच्या उलट ‘द आयर्न जायंट’ आठवा. १९५७, अमेरिकेतल्या मेन राज्यातलं एक गाव, डोक्यावर रशियाचा स्पुटनिक उपग्रह फिरतोय आणि आभाळातून एक अजस्र यंत्रमानव येऊन पडतो. एका मुलाची आणि त्याची मैत्री. काय सुंदर सिनेमा आहे तो. पण वॉर्नर ब्रदर्सचा १९९८ चा ‘क्वेस्ट फॉर कॅमेलॉट’ आपटला होता आणि अॅनिमेशनवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. ऑगस्ट १९९९ मध्ये लागायच्या सिनेमाची तारीख एप्रिलमध्ये ठरली. आधीपासून वातावरण तयार करायला वेळच उरला नाही. टीझर पोस्टर म्हणून जे एक केलं तेच शेवटपर्यंत पोस्टर राहिलं. पहिल्या शनिवार-रविवारची कमाई ५७ लाख डॉलरच्या आसपास, अमेरिकेतली एकूण २ कोटी ३० लाखांच्या आसपास, आणि खर्च त्याच्या दुपटीहून जास्त. चाचणी-खेळांना लोकांनी डोक्यावर घेतला होता, तरीही.

तिथेही एकटा यंत्रमानव होता. डोळ्यांनीच बोलणारा होता. नव्हतं ते वर्षभर आधी कुणीतरी मायेने केलेलं काम, आणि मागे उभी असलेली पत.

---

धूळपाटी

ओसरी, ‘आयर्न जायंट’चं उदाहरण नेमकं आहे आणि त्याचं अजून वाईट वाटतं. त्याचे दिग्दर्शक ब्रॅड बर्ड पुढे पिक्सारमध्येच गेले आणि ‘द इन्क्रेडिबल्स’ केला, तेवढाच दिलासा.

स्टुडिओची पत हा मुद्दा मान्य. पण नावं घ्यायची पद्धत बघा. ‘पिक्सार सादर करत आहे, अमुक पुरस्कारविजेते’ अशी छाती काढून नाही घेतलेली. एक माणूस जेवणाच्या टेबलावरची आठवण सांगतोय. मला यात एक वेगळीच युक्ती दिसते. ‘वॉल-ई’चा पहिला मोठा भाग जवळजवळ संवादांशिवाय आहे. असा सिनेमा विकायचा तर प्रेक्षकाला धरून ठेवायला माणसाचा आवाज हवा, आणि तो सिनेमात नाही. मग दिग्दर्शकानेच आपला आवाज दिला. हे काम एरवी भारदस्त आवाजाच्या निवेदकाला देतात. तसं इथे केलं असतं तर सगळं बिघडलं असतं.

---

खाडीपलीकडे

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून लिहितेय. ते जेवण झालं ते हिडन सिटी कॅफेमध्ये, पॉइंट रिचमंडला. पिक्सारचा स्टुडिओ तेव्हा तिथेच होता. एमरीव्हिलला गेले ते २००० मध्ये. त्यामुळे चौघं कुठे लांब खास बैठकीला गेले होते असं काही नाही, ऑफिसजवळच्या नेहमीच्या जागी जेवायला गेले होते. ‘मॉन्स्टर्स इंक’मधल्या शहरात याच नावाचं हॉटेल दाखवलंय, पुढच्या वेळी बघाल तेव्हा पाट्यांकडे लक्ष ठेवा.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. टीझरमध्ये ती हकिकत जितकी सुबक वाटते तितका तो प्रवास सरळ नव्हता. जेवणाच्या वेळी होती ती फक्त एक कल्पना: माणसं पृथ्वी सोडून गेली आणि शेवटचा यंत्रमानव बंद करायचाच राहून गेला, तर? पुढे १९९५ मध्ये स्टँटन आणि डॉक्टर यांनी ‘ट्रॅश प्लॅनेट’ या नावाने त्यावर दोनेक महिने काम केलं आणि गाडी अडली. डॉक्टर ‘मॉन्स्टर्स इंक’कडे वळले, स्टँटन ‘निमो’कडे. यंत्रमानव कपाटात राहिला. ‘निमो’ मार्गी लागेपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही.

मला वाटतं हे अडखळणंही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण दोन-अडीच मिनिटांत ते मावत नाही हेही खरं. आणि जो रॅन्फ्ट २००५ मध्ये अपघातात गेले. २००७ मध्ये तो टीझर बघताना स्टुडिओतल्या लोकांना त्या टेबलाबद्दल काय वाटलं असेल याचा मी नेहमी विचार करते. बाहेरच्या प्रेक्षकाला ती निव्वळ जाहिरात होती, त्यांना नव्हती.

---

ढोबळ रेखाटन

पुण्यात अॅनिमेशनमध्ये काम करते (लायटिंग). वर्षभर आधी टीझर करायचा म्हणजे काय दिव्य असतं ते सांगते.

अॅनिमेशनपटाचे शॉट क्रमाने तयार होत नाहीत. एका प्रसंगाचं लेआउट झालेलं असतं, दुसऱ्याचं अॅनिमेशन, तिसऱ्याचं फक्त स्टोरीबोर्ड. लायटिंग आणि रेंडर (संगणकाने अंतिम चित्र तयार करणं) होऊन पडद्यावर दाखवण्याजोगे शॉट वर्षभर आधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. सेकंदाला २४ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम रेंडर व्हायला लागणारा वेळ वेगळाच. त्यातही जे शॉट तयार आहेत ते कथेच्या दृष्टीने दाखवण्यासारखे असतीलच असं नाही.

म्हणून पिक्सारवाले टीझरसाठी स्वतंत्र प्रसंगच करायचे. ‘मॉन्स्टर्स इंक’च्या टीझरमध्ये माइक आणि सली हे दोन राक्षस चुकीच्या मुलाच्या खोलीत शिरतात, तो प्रसंग सिनेमात नाही. ‘इन्क्रेडिबल्स’चा टीझर २००३ मध्ये ‘निमो’च्या आधी दाखवायचे: सुटलेल्या पोटाचा सुपरहिरो पट्ट्याचं बक्कल लावायला झटतोय. तोही सिनेमात नाही. पण त्या एका बक्कलात सगळा सिनेमा आहे! वय झालंय, पराक्रम मागे पडलाय, पण हौस गेलेली नाही. कथानकाचा एक धागाही न उसवता माणूस कळला.

‘वॉल-ई’साठी पुढे अशा छोट्या छोट्या चित्रफिती केल्या होत्या. त्याला एखादी वस्तू सापडते आणि तो तिचं काय करतो, एवढंच. व्हॅक्यूम क्लीनरची माझी आवडती. आधी बिचकतो, मग जवळ जातो, मग ते यंत्र त्याच्याच अंगावर येतं. कथा शून्य. पण हा किती चौकस आहे आणि किती भाबडा, ते पक्कं कळतं. आम्हाला शिकवताना एक शिक्षक म्हणायचे, पात्राच्या हातात वस्तू द्या आणि बाजूला व्हा.

अजून एक, माझ्या विभागाचं म्हणून. ‘वॉल-ई’चं चित्र इतर अॅनिमेशनपेक्षा वेगळं का वाटतं? कॅमेरामन रॉजर डीकिन्स यांना सल्लागार म्हणून बोलावलं होतं. खऱ्या भिंगात ज्या उणिवा असतात त्या मुद्दाम आणल्या: मागचं धूसर होणं, उजेडाची तिरीप भिंगावर फुटणं, कडांना किंचित वाक. संगणकाला हे सगळं स्वच्छ करायला आवडतं. इथे परत मळवलं. म्हणून तो कचरा कुणीतरी जाऊन चित्रित करून आणल्यासारखा वाटतो, आणि टीझरच्या थोड्याशा शॉटमध्येही विश्वास बसतो.

---

तिसरी घंटा

ढोबळ रेखाटन, बक्कलाबद्दल अगदी मनातलं लिहिलंत. वाचनखूण साठवली.

---

रेडिओ दुरुस्ती

आवाजाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

या यंत्रमानवाचा आवाज बेन बर्ट यांचा. ‘स्टार वॉर्स’मधल्या आर-टू-डी-टूची शिट्टी ज्यांनी केली तेच. वॉल-ई चालतो तेव्हा येणारी घरघर हाताने फिरवायच्या जुन्या जनित्राची आहे. बर्ट यांनी तसलं जनित्र एका जुन्या सिनेमात पाहिलं होतं आणि शोधून विकत आणलं. वॉल-ईच्या सोबती झुरळाच्या पायांचा आवाज हातकड्यांचा! बेड्या खोलता-लावताना होणारी कटकट. ईव्ह, म्हणजे सिनेमातली दुसरी यंत्रमानव, उडते तो आवाज रिमोटवर चालणाऱ्या मोठ्या खेळण्यातल्या जेट विमानाचा.

हे सांगायचं कारण असं, की ट्रेलरमध्ये बहुधा आवाज म्हणजे धाडधूम असते. ‘वॉल-ई’च्या जाहिरातींत तो स्वतःचं नाव उच्चारतो ते ऐका. अक्षरं घासत घासत, मोटर अडखळावी तशी बाहेर येतात. नाव सांगितलं की ओळख पूर्ण. माझ्या दुकानात जुनी यंत्रं येतात, मोटर सुरू होतानाच्या आवाजावरून तिची तब्येत कळते. बर्टसाहेबांचे कान त्या जातीचे आहेत.

---

ओसरी

माझ्या मुद्द्याला पुरवणी. पत असूनही घसरगुंडी होते, त्याचं उदाहरण त्याच स्टुडिओचं आहे: ‘टॉय स्टोरी’तल्या बझ लाइटइयर या अंतराळवीर खेळण्याच्या नावावरचा २०२२ चा ‘लाइटइयर’. पहिला ट्रेलर ऑक्टोबर २०२१ चा, डेव्हिड बोवीचं ‘स्टारमॅन’ गाणं, दिसायला देखणा. पण बघणाऱ्याला प्रश्न पडला की हा नेमका कोण? ‘टॉय स्टोरी’तलं खेळणं? की ज्याच्यावरून खेळणं निघालं तो माणूस? की माणसाचं काम करणारा नट? बझला आवाज देणाऱ्या ख्रिस इव्हान्स यांनी आधी ट्वीट करून समजावलं होतं, तरी गोंधळ मिटला नाही. शेवटी सिनेमाच्या सुरुवातीलाच पाटी टाकावी लागली, की १९९५ मध्ये अँडीला (‘टॉय स्टोरी’तला मुलगा) एक खेळणं मिळालं, ते त्याच्या आवडत्या सिनेमातलं होतं, आणि हाच तो सिनेमा. २० कोटी डॉलर खर्च, जगभरची कमाई २२ कोटी ६० लाखांच्या आसपास. थेटरवाल्यांचा वाटा वजा केला की नुकसानच.

तर धूळपाटी, तुमच्या बाजूने माझं अर्धं मत आणखी थोडं झुकलं. पत दारापर्यंत आणते. पण ‘हा कोण’ याचं उत्तर पहिल्या ट्रेलरमध्ये मिळालं पाहिजे.

---

खाडीपलीकडे

+१. आणि ‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’ (२००१)! त्याच्या प्रचारात नायिकेच्या डोक्यावर ६०,००० केस वेगवेगळे हलतात याचंच कौतुक. केस खरंच सुंदर होते. पण ती कशासाठी जीव टाकतेय ते कुणाला कळलं? १३ कोटी ७० लाख डॉलर घातले, साडेआठ कोटींच्या आसपास आले, आणि होनोलुलूचा स्टुडिओ बंद पडला.

---

ढोबळ रेखाटन

केसांवर काम केलेल्यांची बाजू घेते. तो प्रचार त्यांनी ठरवलेला नव्हता. त्या काळी ते करणं हे खरंच मोठं काम होतं आणि त्यातून पुढच्या कित्येक जणांनी शिकून घेतलं. ट्रेलरमध्ये तंत्र मिरवलं हा त्यांचा दोष नाही.

---

धूळपाटी

हो, बरोबर आहे तुमचं. तंत्र करणारा वेगळा आणि काय मिरवायचं ते ठरवणारा वेगळा.

‘वॉल-ई’बद्दल एक राहिलं. सिनेमाच्या आधी ‘बाय अँड लार्ज’ या सिनेमातल्याच कंपनीची वेबसाइट केली होती. ज्या कंपनीने जग कचऱ्यात घातलं तिचीच गुळगुळीत, हसरी साइट, वस्तूंच्या जाहिरातींसकट. टीझरने यंत्रमानवाची ओळख करून दिली आणि साइटने जगाची. दोन्ही वेगळं ठेवलं, एकात एक कालवलं नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. टीझरमध्येच जर ‘सातशे वर्षांपूर्वी एका कंपनीने’ असं सुरू केलं असतं तर डोळ्यांकडे बघायला वेळ कुठे होता?

---

चहाबिस्किट

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिने ‘वॉल-ई’ पाहिलेला नाही. आधी टीझर दाखवू का? की थेट सिनेमा? संवाद नाहीत म्हणताय तर कंटाळेल का?

---

ढोबळ रेखाटन

थेट सिनेमा दाखव गं. टीझर आपल्यासाठी आहे. जेवणाच्या टेबलावरची ती गोष्ट कळायला आधी निमो माहीत हवा. फार तर व्हॅक्यूम क्लीनरची फीत दाखव. आणि संवाद नसल्यामुळे लहान मुलांना उलट सोपं जातं, इंग्रजीची अडचणच येत नाही. फक्त मोबाइलवर नको. पडदा जमेल तेवढा मोठा आणि आवाज मोकळा.

---

रेडिओ दुरुस्ती

आणि सुरुवातीला बोलू नका तिच्याशी. अंतराळातून सुरू होतं, मागे ‘हॅलो, डॉली!’ या जुन्या संगीतपटातलं आनंदी गाणं, आणि त्याच गाण्यावर आपण खाली त्या कचऱ्याच्या मनोऱ्यांवर उतरतो. तो विरोध तिला तिचा तिला कळू दे. प्रश्न विचारेल तेव्हा उत्तर द्या.

---

चहाबिस्किट

ठरलं, रविवारी लावते. तिने काय विचारलं ते इथे येऊन लिहीन.